भोकं पाडलेलं ताट

शिवा,

तुझ्या मातीनंतरच्या गणाराधनेची पंगत उठली, पाहुणे आपापल्या गाड्यांत बसून गेले, आणि मी पहिलं काम केलं ते अंगण पुन्हा धुण्याचं. फिनेलची अख्खी बाटली ओतली. पत्रावळ्या कधीच उचलून झाल्या होत्या, खरकटंही नव्हतं. पण तिथं बसून गव्हाची खीर ओरपत ज्या तोंडांनी तुझं नाव चघळलं, त्या तोंडांची मला किळस आली होती. मी खराटा घेऊन फरशी घासत राहिले. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "अक्का, आताच तर धुतलं होतं. परत कशाला धुवायलात?"

"वास यायलाय," मी म्हटलं.

"दारूनं गेला." सगळ्यांच्या तोंडी एवढंच होतं. बायका पदराआडून म्हणत होत्या, पुरुष उघड. जे तुला वर्षानुवर्षं भेटलेही नव्हते, त्यांनाही तुझं काळीज, तुझं लिव्हर, सगळं आतून दिसलं होतं. मातीच्या आधी घरी तुला आपल्या रिवाजाप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूती लावली होती, आणि तुझा पिवळा पडलेला चेहरा त्या विभूतीखाली आणखीच पिवळा दिसत होता. तेव्हा एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघा की, अंगात नुसती दारू उतरल्यावानी दिसायलाय." तिच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. मला तिथंच ओकारी आली असती.

तू मला अक्का म्हणायचास, म्हणून गंगाखेडची सगळी पेठ मला अक्का म्हणू लागली. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, बाबांचं भांड्यांचं दुकान चालवायला घेतलं, तेव्हा तू पुण्यात होतास. बिअर तिथंच बनवून विकणाऱ्या एका हॉटेलात टाक्या सांभाळायचास. दहा वर्षं मी फोनवर तुझी तब्येत विचारली, जेवण विचारलं, काम कधीच विचारलं नाही. ते हॉटेल बंद पडलं आणि तू एक बॅग अन् एक वही घेऊन घरी आलास. पहिल्याच दिवशी, मी भाकरी थापत असताना चुलीपाशी बसून म्हणालास, "अक्का, आपल्या ज्वारीची बिअर करून बघायची हाय."

"ह्या घरात?"

"घरात न्हाई. मागच्या खोलीत."

"देवघरात लिंग हाय, शिवा. आई असती तर तुला उंबऱ्याबाहेर काढलं असतं."

"आई असती तर पहिली चव तिलाच दिली असती."

ह्यावर आपण चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी मी मागच्या खोलीतले रिकामे खोके हलवले आणि किल्ली तुझ्या ताटाशेजारी ठेवली. मला पटलं होतं म्हणून नव्हे. तू पुन्हा पुण्याला जाशील ह्याची भीती होती. तू परवान्यासाठी अर्ज केलास, त्याचं उत्तर कधी आलंच नाही, आणि 'थोडंसं करून तर बघतो' म्हणत तू सुरुवात केलीस.

मग तो वास. ओल्या पोत्यांवर मोड आलेली ज्वारी, दोन दिवसांनी तिला सुटणारा आंबूस, ओलसर, न धुतलेल्या मोज्यासारखा वास. तो माझ्या लुगड्यात बसला. दुकानात गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मी तुझ्यावर ओरडायचे, तर तू म्हणायचास, "उन्हाळ्यात गावभर साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो, तवा तर तू दारात बसून शेंगा सोलतीस." मग मी आणखी ओरडायचे.

पहिल्या वेळी जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नात प्यायच्या पाण्याला ठेवतात तसला झाकणाचा मोठा जार तू आणलास. त्याच्या भिंतीत ऊब टिकते, हे तुझं म्हणणं. त्यात मोड वाळवून भरडलेली ज्वारी गरम पाण्यात तासभर मुरवायची आणि मग खालच्या तोटीतून नुसतं गोड पाणी काढून घ्यायचं, चोथा वरच राहायला हवा. त्यासाठी तू माझ्या दुकानातली भात निथळायची चाळण मला न विचारता उचललीस आणि तळाशी उपडी घातलीस. तासाभरानं तोटी उघडली. चार थेंब आले आणि बंद. चाळणीच्या कडेनं सगळी भरड खाली गेली होती, तोटी चोंदली होती. तू काय केलंस? जमिनीवर बसलास, तोटीला तोंड लावलंस आणि जोरानं फुंकलंस. वर बुडबुडे आले. मग ओढलंस. तोंडात करड्या रंगाची पेज आली, हनुवटीवरून छातीवर सांडली, आणि तू हसत होतास.

"थू," मी म्हटलं. "माणूस हायस का कोण हायस?"

"अक्का, तळ नीट पायजे. खोटा तळ."

"खोटा म्हणजे?"

"खऱ्या तळाच्या वर दुसरा तळ. भोकं पाडलेलं ताट. वर चोथा, खाली पाणी."

त्या पेजेनं भरलेल्या तोंडानं तू मला समजावत होतास. मला तुझी किळस आली होती, शिवा. आणि खरं सांगायचं तर त्याच घडीला, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, घरात काहीतरी चाललंय असंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं मोंढ्याच्या रस्त्यावर रफिकभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग कानाला हात लावला. "हमारे में तो ये चीज हराम है, भाई." तू म्हणालास, "आमच्यात बी तेच हाय. तुम्ही फक्त ताट करून द्या." रफिकभाई माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताट में क्या गुनाह है."

माझ्या दुकानातल्या परातीचा सपाट तळ कापून त्यांनी जारच्या आत बसेल अशी गोल चकती काढली. भोकं किती मोठी, ह्यावरून तुमचं तासभर चाललं. मोठी पाडली तर भरड खाली जाणार, अगदी बारीक पाडली तर चोथा बसून वाट बंद होणार. शेवटी ज्वारीचा दाणा फुटून अर्धा झाला तर अडकेल एवढी ठरली. पण तू हातानं खुणा करायला लागलास आणि त्या एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ. मला बघवेना. मी घरी जाऊन रांगोळीचे ठिपके काढायचा भोकांचा कागद घेऊन आले, चकतीवर धरला आणि खडूची पूड भुरभुरवली. कागद उचलला तर ठिपके ओळीत उमटले होते. रफिकभाई म्हणाले, "आपा, तुम तो इंजिनियर निकले." तू नुसता माझ्याकडे बघत राहिलास. त्या बघण्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आज मानते.

चकतीला खाली तीन बोल्टांचे पाय बसवले. कडेला रबरी नळी चिरून बसवली, म्हणजे कडेनं काही घसरायचं नाही. तोटी तळापासून बोटभर वर होती, म्हणून तिला आतून खाली वाकलेली नळी जोडली, खालचं सगळं पाणी ओढून घ्यायला. तू दर वेळी बजावायचास, "काम झालं की ताट उचलून खालून धुवायचं. तिथं घोटभर राहिलं तरी सगळं नासतं." मी म्हणायचे, "मग धूत जा. मला कशाला सांगतोस?"

त्या ताटावर पहिल्यांदा काढलंस तेव्हाही भांडलोच. तू तोटी पूर्ण उघडलीस, चोथा खाली दबला, धार तुटली. ज्वारीला टरफल नसतं, चोथा चिकट होतो, ती पुण्याच्या हॉटेलातल्या जवासारखी वागत नाही, हे तुलाच माहीत होतं, तरी घाई. मी म्हटलं, मळणीचा भुसा धुऊन त्यात मिसळ, पाण्याला वाट राहील. तू म्हणालास, भुशाची चव उतरेल. मी म्हटलं, कडबा खाणाऱ्या म्हशीच्या दुधाला कडब्याची चव येती का? पुढच्या वेळी तू मला न सांगता भुसा घातलास. तोटी अर्धीच उघडलीस, पहिलं गढूळ पाणी तांब्यानं परत वर ओतलंस, तीनदा, चारदा. मग धार स्वच्छ झाली, पातळ काकवीच्या रंगाची.

तू वाटीत घेतलंस. "पी. ही दारू न्हाई, अक्का. अजून काहीच न्हाई. नुसतं ज्वारीचं गोड पाणी हाय."

मी पाठ फिरवली. तू वाटी जात्यावर ठेवलीस आणि पोती आवरायला बाहेर गेलास. मी ती प्यायले, शिवा. सगळी. कोवळ्या हुरड्याचा गोडवा होता त्यात. मग मला स्वतःचीच शिसारी आली आणि मी तीनदा चूळ भरली. तू आत आलास, रिकामी वाटी बघितलीस, आणि काही न विचारता धुऊन टाकलीस.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हा कागद चार दिवस टाळला.

वालूरचे अण्णा, बाबांचे धाकटे भाऊ, बाबांनंतर आपल्यात त्यांचाच शब्द मोठा. एका आठवड्यात तू चोथा शेजारच्या म्हशीला टाकायचं विसरलास. पोतं तीन दिवस तसंच. सकाळी मी पूजेला उठले तर देवघराच्या उंबऱ्यावर अळ्या. पांढऱ्या, जाड, एकमेकींवर चढणाऱ्या. मी केरसुणीनं लोटायला लागले तर त्या केरसुणीच्या काड्यांत शिरल्या. तू बाजारात गेला होतास. मी केरसुणी तिथंच टाकली. मी अण्णांना फोन लावला.

"घरात दारू गाळायलाय तुमचा पुतण्या," मी म्हणाले.

"पितो का?"

एवढं विचारलं त्यांनी. आणि मी म्हणाले, "पिऊन पडतो."

तू पीत होतास तो आठवड्याला अर्धा ग्लास, उभ्या उभ्या, चव बघून वहीत काहीतरी लिहायला. पडलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. पण अळ्या अजून हातावर चालतायत असं वाटत होतं, आणि ते शब्द तोंडातून गेले. दोन महिन्यांत ते सगळीकडे पोचले. पेडगावच्या आत्याच्या घरच्या लग्नात तुला पंगतीत कोणी हाताला धरून बसवलं नाही. घरी येऊन तू चपला काढतानाच मला विचारलंस, "अक्का, मी पिऊन पडतो असं तू म्हणलीस का अण्णाला?"

मी म्हटलं, "मी कशाला म्हणू?"

मीच म्हणाले होते. तुला ते कळलं होतं, हे मलाही कळलं होतं. तू "बरं" म्हणालास आणि जेवायला बसलास. त्यानंतर कधी विचारलं नाहीस. भांडला असतास तर बरं झालं असतं.

पावसाळा संपता संपता गल्लीतल्या नळाला गटारीचा वास यायला लागला. पाइप कुठंतरी फुटला होता. मी माठात तुरटी फिरवली आणि समाधान मानलं. तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा गल्लीत आणखी चौघांचे झाले होते. पण लोकांच्या लेखी त्यांना कावीळ झाली, तुला दारू भोवली. परभणीला दवाखान्यात नेलं तर अण्णा आपल्या आधी पोचले होते. डॉक्टरांनी विचारलं, पितात का? तू तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "पितो की. घरीच गाळतो." डॉक्टरांनी मान हलवली. तू माझ्याकडे बघितलंस. मी औषधांची चिठ्ठी वाचत होते.

रिपोर्ट तीन दिवसांनी आला. खराब पाण्यातून होणारी कावीळ, दारूचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. तोवर तुझी शुद्ध गेली होती. मी तुझ्या कानाशी वाकून सांगितलं. तू ऐकलंस का, मला माहीत नाही.

तुझ्या गणाराधनेला अण्णा उभे राहिले. पांढरं धोतर, गळ्यात उपरणं. म्हणाले, "आपल्या समाजातला हुशार पोरगा बाटलीनं नेला. तरुणांनी धडा घ्यावा." लोकांनी माना डोलावल्या. रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. मी वाढपाचं ताट हातात धरून उभी होते. मला बोलता आलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. बोलता येत होतं. बोलले तर "पिऊन पडतो" कुणी सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. मी पुढच्या पत्रावळीवर पोळी वाढली.

अंगण धुऊन झालं तरी वास जाईना. तेव्हा कळलं, तो मागच्या खोलीतून येत होता. तू आजारी पडलास त्या दिवशी जार भरलेला होता. कुलूप काढलं, झाकण उचललं आणि मी भिंतीला धरून ओकले. वर निळ्या-करड्या बुरशीची साय आली होती. खाली चोथा काळा पडला होता, हात घातला तर उबदार. मेलेल्या गोष्टीला ऊब असते हे मला माहीत नव्हतं. रफिकभाई तुझ्या मातीला आले होते आणि मागेच उभे राहिले होते, ते त्या दिवशी पुन्हा आले होते. दाराशी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपा, नक्को. मैं करता."

"ताट माझ्या दुकानातलं हाय," मी म्हटलं.

बादल्यांनी चोथा काढला. मग तुझं ताट लागलं. ते उचलायला कोपरापर्यंत हात घातला, बोल्ट बोटांनी चाचपले. चकती वर आली तशी तिच्याखालून काळं, तारा सुटणारं पाणी हाताला चिकटून वर आलं. अळ्या होत्याच. मी डोळे मिटले नाहीत. नळी काढली, तोटी काढली, प्रत्येक भोक खराट्याच्या काडीनं टोकरून साफ केलं. दुपार गेली त्यात. रफिकभाई बाहेर पायरीवर बसून राहिले. निघताना एवढंच बोलले, "वो पीता नहीं था, आपा. मेरे पास घंटों बैठता था. मेरे को मालूम है." मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सायकल घेतली.

दोन दिवसांनी सकाळी अण्णा दोन माणसांना घेऊन आले. मला वाटलं माझी विचारपूस करायला. चहा झाला. मग अण्णा आवाज खाली करून म्हणाले, "पोरी, ते तयार करून ठेवलेलं काही असंल आत... बाटल्या बिटल्या. तू बाईमाणूस, कुठं टाकशील? आमी घेऊन जातो."

मागच्या माणसानं ओठ पुसले, शिवा. मी बघितलं. त्यानं मनगटानं ओठ पुसले.

मी आत गेले. अकरा बाटल्या होत्या, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. त्या अंगणात आणून त्यांच्यासमोर एक एक फोडली नाही, उघडून ओतली. फेस मोरीकडे वाहत गेला. अण्णा म्हणाले, "अगं, अगं." मी सातव्या बाटलीशी थांबले आणि म्हणाले, "अण्णा, शिवा पिऊन पडायचा हे मी तुमाला खोटं सांगितलं होतं."

अण्णांनी उपरणं झटकलं. "जाऊ दे आता," म्हणाले. "गेला तो. आता काय फरक पडायलाय?"

ते गेल्यावर मी उरलेल्या चार बाटल्या ओतल्या आणि अंगण पुन्हा धुतलं नाही.

काल वालूरला जाऊन आले. बाजाराचा दिवस होता. अण्णांच्या दुकानात गर्दी होती, सरकीचे भाव चालले होते, आपल्यातले बरेच जण ओट्यावर बसले होते. अण्णांनी "ये, बस, चहा घे" म्हटलं. मी बसले नाही. रिपोर्ट काढला. वाचायला इंग्रजीत होता, म्हणून डॉक्टर जे बोलले ते सांगितलं. "शिवाला पाण्यातून कावीळ झाली होती. तो दारूनं गेला न्हाई. पिऊन पडतो हे मी, त्याच्या सख्ख्या बहिणीनं, रागाच्या भरात खोटं सांगितलं होतं. अण्णांना मी सांगितलं, तुमाला अण्णांनी सांगितलं."

अण्णा तराजूकडे बघत राहिले. एकानं घसा खाकरून ओट्याखाली थुंकलं. मला वाटलं, ते माझ्यासाठी होतं. असेलही.

साखर घ्यायला आलेली एक म्हातारी होती, मी तिला ओळखत नव्हते. ती पिशवी गुंडाळत म्हणाली, "मग बाई, त्यो जित्ता असताना का न्हाई बोललीस?"

तिच्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. ती साखर घेऊन गेली.

परत येताना एसटीत खिडकीशी बसले. रडू आलं नाही. उद्या पेडगावला जायचंय, आत्याकडे, हेच सांगायला. तिच्या घरी माणसं जास्त असतात.